टेबलावरचे स्पीकर आणि हेडफोन: आवाज नेमका कुठून कमी-जास्त करायचा?

कॉम्प्युटरवर गाणं सुरू झाल्यापासून ते कानापर्यंत पोहोचेतो त्याचा आवाज कुठे कुठे बदलता येतो, ते एकदा मोजून पाहा. प्लेअरमधली पट्टी, ब्राउझरमधली पट्टी, ऑपरेटिंग सिस्टिमचा व्हॉल्यूम, डॅकचा (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा व्हॉल्यूम, हेडफोन ॲम्पचा नॉब, त्याच्या शेजारचं गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं) बटण, स्पीकरच्या पाठीमागचा नॉब. अगदी साध्या जोडणीतही अशा पाच-सहा जागा निघतात. नॉब केसभर फिरवला तरी आवाज एकदम चढतो, शांत जागी बारीक सळसळ ऐकू येते, डावी बाजू उजवीपेक्षा मोठी वाटते, हेडफोन काढून स्पीकर सुरू केले की दणका बसतो. या नेहमीच्या तक्रारींपैकी बहुतेकींचं मूळ या जागांचा एकमेकींशी मेळ न बसण्यात असतं.

म्हणून चांगला पॉट (नॉबमागचा फिरता रोध) घ्यावा की रिलेवाला प्रीॲम्प (रिले नावाच्या छोट्या स्विचांनी आवाज बदलणारा), हा प्रश्न थोडा मागे ठेवू. आधी जोडणीतला जादाचा गेन काढायचा. मग आवाज बदलायची एकच जागा ठरवायची आणि बाकीच्या सगळ्या कायमच्या बांधून टाकायच्या. रोजच्या ऐकण्याला नॉब मध्याच्या आसपास आला, की डिजिटल चांगलं की ॲनालॉग या वादातला बराचसा दम निघून जातो. जिथे तो वाद तरीही उरतो, तिथे तो आकडे मांडून सोडवता येतो.

पहिलं काम: साखळी कागदावर काढा

एक कागद घ्या आणि डावीकडून उजवीकडे चौकोन काढत जा: प्लेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, डॅक, ॲम्प, स्पीकर किंवा हेडफोन. आवाज जिथे जिथे बदलतो त्या चौकोनावर खूण करा. गेनची बटणं आणि स्पीकरच्या मागची सेन्सिटिव्हिटीची (किती सिग्नलला किती आवाज, हे ठरवणारी) कळही मोजा. त्या रोज हलवत नाही म्हणून लक्षात राहत नाहीत, पण आवाजावर त्यांचाच सर्वांत मोठा परिणाम असतो.

आता प्रत्येक खुणेपाशी एक प्रश्न विचारा: ही जागा डॅकच्या आधी आहे की नंतर? डॅकच्या आधी आवाज कमी केला, तर संगीत खाली येतं पण डॅकचा स्वतःचा नॉइज आहे तिथेच राहतो. डॅकनंतर कमी केला, तर संगीत आणि डॅकचा नॉइज दोन्ही सोबत खाली येतात. नॉबच्याही पुढे असलेल्या ॲम्पचा नॉइज मात्र दोन्ही वेळा तसाच राहतो. एवढं पक्कं लक्षात असलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

थोडं गणित

डेसिबलचे तीन आकडे पुरतात. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल वाढतात, दहापट झालं की २०. आणि मोठेपणातला साधारण १ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो.

स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलची पातळी पाहू. घरगुती उपकरणांची जुनी रीत उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. स्टुडिओतल्या उपकरणांची रीत अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. आजचा साधा डॅक आरसीए सॉकेटमधून पूर्ण पातळीला बहुधा २ व्होल्ट देतो आणि बॅलन्स्ड (प्रत्येक चॅनलला सिग्नलच्या दोन तारा असलेल्या) एक्सएलआरमधून ४ व्होल्ट. म्हणजे उणे १० वर ठेवलेल्या स्पीकरला २ व्होल्टचा डॅक जोडला, तर सिग्नल त्या पातळीच्या १६ डेसिबल वर जातो. पातळ्यांच्या या आकड्यांवर शिखरांसाठी काही जागा मोकळी ठेवलेली असते हे खरं, पण आजचं संगीत डिजिटल कमाल पातळीला चिकटून मास्टर केलेलं (शेवटचं रूप दिलेलं) असतं. त्यामुळे टेबलावर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला नॉब तळाच्या चिमूटभर भागातच वापरावा लागतो. स्पीकरमागची कळ अधिक ४ कडे नेली की हाच नॉब जवळजवळ १२ डेसिबल वर येतो, एक पैसाही खर्च न करता.

हेडफोनचं गणित जरा वेगळं. बऱ्याच कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॉटला किती डेसिबल अशी देतात. आपल्याला हवी असते एका व्होल्टला किती. त्यासाठी मिलिवॉटच्या आकड्यात १६ ओहमला १८, ३२ ओहमला १५, ६४ ला १२, १५० ला ८ आणि ३०० ओहमला ५ मिळवायचे. (खोक्यावर आधीच व्होल्टचा आकडा दिला असेल तर काहीच मिळवायचं नाही.)

दोन टोकं घेऊ. एक कानात घालायचा इअरफोन: १६ ओहम, ११० डेसिबल प्रति मिलिवॉट. त्याचे एका व्होल्टला १२८ डेसिबल झाले. दुसरा मोठा हेडफोन: ३०० ओहम, ९७ डेसिबल प्रति मिलिवॉट. त्याचे एका व्होल्टला १०२. दोघांत २६ डेसिबलचा फरक, म्हणजे व्होल्टेजमध्ये वीसपट.

आता दोघेही ४ व्होल्ट देणाऱ्या ॲम्पला लावा. ४ व्होल्ट म्हणजे एका व्होल्टच्या १२ डेसिबल वर. नॉब पूर्ण फिरवला तर मोठा हेडफोन ११४ पर्यंत जाईल, इअरफोन १४० पर्यंत. संगीताची शिखरं ९५ च्या आसपास ठेवायची, तर मोठ्या हेडफोनला नॉब १९ डेसिबल खाली हवा आणि इअरफोनला ४५. साध्या लॉग (कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटावं अशा वक्राच्या) पॉटमध्ये मध्यावर, म्हणजे घड्याळाच्या बाराच्या जागी, आवाज पूर्णपेक्षा साधारण १६ ते २० डेसिबल खाली असतो. म्हणजे मोठा हेडफोन बरोबर बारावर बसला आणि इअरफोन नॉबच्या अगदी तळाला गेला, जिथे कुठलाच साधा पॉट धड वागत नाही. ॲम्पला दोष द्यायचं इथे कारण नाही. त्या इअरफोनला एवढ्या व्होल्टेजची गरजच नाही.

जादाचा गेन काढणे

हे काम करताना घाई करू नका. हेडफोन कानावरून काढा, सगळे नॉब तळाला न्या आणि मगच सुरुवात करा.

प्लेअरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, पण १०० टक्क्यांच्या वर अजिबात नको. व्हीएलसीसारखे प्लेअर आणि लिनक्सवरचे काही मिक्सर १०० च्या पुढे नेऊ देतात. तिथे सिग्नल डिजिटल मर्यादेवर आपटतो आणि आवाज फाटतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा व्हॉल्यूमही वर ठेवा. आता नेहमीचं, मोठ्या आवाजात मास्टर केलेलं एखादं गाणं लावून ॲम्पचा नॉब हळूहळू वाढवा आणि तुम्ही ज्या आवाजात तासभर ऐकाल तिथे थांबा. तो घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर आला? अकरा ते दोनच्या दरम्यान असेल तर गेन ठीक आहे. नऊच्या आधीच थांबावं लागलं तर गेन जादा आहे.

जादा असेल तर आधी ॲम्पचं गेनचं बटण लो वर आणा. हेडफोनसाठी हाय गेन म्हणजे जास्त दर्जा, असा एक समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. लो गेनवर नॉब पूर्ण फिरवूनही आवाज अपुरा पडला, तरच हाय गेन लागतो. स्पीकरसाठी पाठीमागची सेन्सिटिव्हिटी कमी करा. दोन्ही स्पीकरच्या मागे वेगवेगळे फिरते नॉब असतील, तर ते ठरावीक खाचेवर किंवा पूर्ण टोकाला ठेवणं बरं. अंदाजाने मध्येच ठेवलेले दोन नॉब क्वचितच सारखे असतात.

एवढं करूनही नॉब तळाला राहिला, तर डिजिटल बाजूने कायमची कपात करा. वरचाच इअरफोन घेऊ. ॲम्प लो गेनवर २ व्होल्ट देत असेल तर पूर्ण पातळी १३४ डेसिबल, म्हणजे ९५ साठी ३९ खाली जावं लागेल. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १५ डेसिबल कापून ठेवले की नॉबला फक्त २४ डेसिबलचं काम उरतं आणि तो अकराच्या आसपास येतो. या १५ डेसिबलने दर्जा बिघडेल का? त्याचं उत्तर पुढच्या भागात.

ही कपात टक्क्यांत करू नका. ५० टक्के म्हणजे किती डेसिबल, हे ड्रायव्हरगणिक बदलतं. विंडोजमध्ये जुन्या साउंड पॅनेलमधल्या लेव्हल्सच्या पानावर टक्क्यांच्या आकड्यावर उजवी क्लिक केली की डेसिबल निवडता येतात. मॅकमध्ये ऑडिओ मिडी सेटअपमध्ये पट्टीशेजारीच डेसिबल दिसतात. लिनक्सवर अल्सामिक्सर ते वरच्या ओळीत दाखवतो.

डिजिटल व्हॉल्यूम: बदनामी किती खरी?

डिजिटल व्हॉल्यूम म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या (सॅम्पलच्या) आकड्याला एकाहून लहान संख्येने गुणणं. दर ६ डेसिबल कमी केले की साधारण एक बिट खर्च होतो. सगळी साखळी १६ बिटांची होती तेव्हा ४० डेसिबल खाली आलं की जेमतेम नऊ-दहा बिट हाती उरायचे, आणि ते ऐकू यायचं. डिजिटल व्हॉल्यूमची बदनामी तिथली आहे.

आज विंडोज आणि मॅक दोन्हींचा मिक्सर ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये हिशेब करतो आणि डॅक २४ बिट घेतो. १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या खोक्यात ठेवलं की खाली आठ बिट रिकामे असतात. म्हणजे ४८ डेसिबलपर्यंत खाली आणलं तरी गाण्याचा शेवटचा बिट खोक्याबाहेर पडत नाही. यासाठी एकच अट: डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट २४ बिट निवडलेला असला पाहिजे. हे एकदा उघडून पाहाच, कारण बऱ्याच कॉम्प्युटरवर तो १६ वर राहिलेला असतो.

बिटांचा प्रश्न असा मिटतो. उरतो डॅकचा ॲनालॉग नॉइज, आणि तो आकड्यांत पाहिला की निर्णय आपोआप होतो. समजा डॅकचा नॉइज पूर्ण २ व्होल्टच्या ११५ डेसिबल खाली आहे, म्हणजे सुमारे साडेतीन मायक्रोव्होल्ट. ३०० ओहमच्या हेडफोनला २ व्होल्टने १०८ डेसिबल मिळतात. १०८ मधून ११५ गेले, उणे ७. हा नॉइज कुणालाही ऐकू येणार नाही, मग व्हॉल्यूम पूर्णपणे डिजिटल असला तरी. त्याच जागी तो संवेदनशील इअरफोन ठेवा: १३४ मधून ११५ गेले, १९ डेसिबल. शांत खोलीत, कान बंद करणाऱ्या इअरफोनमध्ये ही सळसळ गाण्यांच्या मधल्या जागेत जाणवू शकते, आणि डिजिटल व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी ती हलणार नाही. डॅकनंतरच्या नॉबने २४ डेसिबल कमी केले की तीच सळसळ उणे ५ वर जाते.

म्हणजे ॲनालॉग नॉब कुणाला हवा? अतिसंवेदनशील इअरफोनवाल्याला आणि गरजेहून फार मोठा ॲम्प असणाऱ्याला. बाकीच्यांनी डिजिटल व्हॉल्यूम निश्चिंतपणे वापरावा. त्यात दोन्ही चॅनल अगदी तळापर्यंत काटेकोर सारखे राहतात, धूळ बसत नाही, खरखर होत नाही. पॉटला हे कधीच जमत नाही.

डिजिटल व्हॉल्यूमचा खरा धोका दर्जाचा नसून सुरक्षेचा आहे. प्लेअर विंडोजच्या वासापी या ऑडिओ मार्गाच्या एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये किंवा असिओ या ड्रायव्हरवर गेला की तो विंडोजच्या मिक्सरला टाळून थेट डॅकशी बोलतो. डॅकमध्ये स्वतःचा व्हॉल्यूम नसेल तर सिस्टिमची पट्टी निरुपयोगी ठरते आणि पूर्ण पातळीचा सिग्नल बाहेर येतो. ड्रायव्हर नव्याने बसला की व्हॉल्यूम १०० वर परतू शकतो. ज्या पॉवर ॲम्पला नॉबच नाही, त्याला डॅक थेट जोडून फक्त कॉम्प्युटरच्या पट्टीवर भिस्त ठेवणं मला मान्य नाही. स्पीकरचे ट्विटर (उंच स्वर वाजवणारे छोटे भाग) आणि तुमचे कान, दोन्ही पणाला लागतात. डिजिटल व्हॉल्यूमच वापरायचा असेल तर पुढची गेनची बटणं अशी बांधा की पट्टी चुकून १०० वर गेली तरी आवाज नकोसा होईल, पण इजा करणार नाही. शिवाय डिव्हाइसच्या ॲडव्हान्स्ड पानावर प्रोग्रॅमला डिव्हाइसचा संपूर्ण ताबा घेऊ देणारी चौकट असते. गरज नसेल तर तिची खूण काढून टाका.

विंडोजची आणखी एक खोड याच ठिकाणी सांगतो. कॉल सुरू झाला की ते बाकीचा आवाज आपोआप ८० टक्क्यांनी खाली आणतं. साउंड पॅनेलच्या कम्युनिकेशन्सच्या पानावर 'काहीही करू नका' असा पर्याय आहे. 'मध्येच आवाज आपोआप कमी होतो' म्हणून डॅक बदलायला निघालेल्यांनी आधी तिथे पाहावं.

पॉट: रोजचा, स्वस्त, भरवशाचा

बहुतेक ॲम्पवर जो नॉब असतो त्याच्यामागे दोन पट्ट्यांचा पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या दोन पट्ट्यांवरून दोन संपर्क एकाच दांड्याने सरकतात. त्या दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या नसतात. स्वस्त लॉग पॉटमध्ये खरा लॉग वक्र नसतोच. वेगवेगळ्या रोधाचे दोन सरळ तुकडे जोडून तो साधलेला असतो. वरच्या भागात हा फरक कळत नाही. पण तळाच्या पाव भागात दोन बाजूंत दोन-तीन डेसिबलचा फरक सहज पडतो आणि गाणाऱ्याचा आवाज मध्यातून एका कानाकडे सरकतो.

तपासायला सोपं आहे. मोनोमध्ये रेकॉर्ड केलेलं बोलणं लावा, डोळे मिटा, आणि नॉब तळापासून अगदी हळू वर आणा. आवाज कुठल्या आकड्यापासून नाकासमोर स्थिर होतो, ते लक्षात ठेवा. तुमचं रोजचं ऐकणं त्या आकड्याच्या वर असेल तर हा पॉट तुमच्यासाठी उत्तम आहे, बदलायची गरज नाही. खाली असेल तर पुन्हा गेनच्या भागाकडे जा. दहापैकी बहुतेक वेळा उपाय तिथेच सापडतो.

फिरवताना खरखर येत असेल तर वीज बंद करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. पट्टीवरची धूळ आणि गंज त्याने बऱ्याचदा निघतो. नाहीच निघाला तर पॉटसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थेंबभर. खरखर नॉब न फिरवताही येत असेल तर बिघाड दुसरीकडे आहे. तिथे क्लीनर उपयोगाचा नाही.

चिपने किंवा रिलेने चालणारे कंट्रोल हा याच्या वरचा वर्ग. चिपमध्ये रोधांची शिडी सिलिकॉनवरच कोरलेली असते, बहुधा अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्या मिळतात आणि चॅनलची बरोबरी तळापर्यंत टिकते. रिलेवाल्यात प्रत्येक पायरीला टकटक ऐकू येते. रोध सुटे आणि काटेकोर असतात. हाताने फिरवायच्या स्टेप्ड ॲटेन्युएटरमध्ये बऱ्याचदा २४ च पायऱ्या असतात, आणि एका पायरीला आवाज कमी तर पुढच्या पायरीला जास्त अशी अडचण रात्री हळू आवाजात ऐकताना हटकून येते. दोन्ही बाजूंचा समतोल ज्यांना खरंच हळू आवाजातही हवा आहे, त्यांनी माझ्या मते पैसे चिपवाल्या चांगल्या ॲम्पवर घालावेत.

मधला डबा: पॅसिव्ह कंट्रोलर

बऱ्याच ॲक्टिव्ह (ॲम्प आतच असलेल्या) स्पीकरना समोर नॉब नसतो, म्हणून डॅक आणि स्पीकर यांच्यात फक्त पॉट असलेला एक डबा ठेवायची पद्धत आहे. त्याला वीज लागत नाही, स्वतःचा नॉइज जवळजवळ नसतो, आणि कॉम्प्युटर काहीही पाठवो, हाताशी एक खरा नॉब असतो. प्लेअरने मनमानी केली तरी या डब्याच्या पुढे आवाज जात नाही. पण विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहा.

पहिली, पॉटचा रोध. पॅसिव्ह डब्याचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) उणे ६ डेसिबलच्या जागी सर्वांत जास्त असतो: पॉटच्या पाव पट. १० किलोओहमच्या पॉटला तो अडीच किलोओहम होतो. पुढची केबल एक-दोन मीटर असेल तर काही बिघडत नाही. ५० किलोओहमच्या पॉटला मात्र तो साडेबारा किलोओहम होतो. पुढे हजार पिकोफॅरड कपॅसिटन्सची लांब केबल लावली तर साधारण १२-१३ हजार हर्ट्झपासून वरचा भाग गळायला लागतो. म्हणून १० किलोओहमचा डबा घ्या आणि तो स्पीकरच्या जवळ ठेवा. लांब केबल हवीच असेल तर ती डॅक आणि डब्याच्या मधे असू द्या.

दुसरी, जोडणी बॅलन्स्ड असेल तर दोन चॅनलच्या मिळून चार तारा सारख्या प्रमाणात कमी व्हायला हव्यात. चार पट्ट्यांचा पॉट जुळवणं अवघड असतं आणि तो जितका चुकतो तितकी बाहेरचा गोंगाट अडवण्याची बॅलन्स्ड जोडणीची ताकद कमी होते. म्हणून अगदी स्वस्त बॅलन्स्ड डब्यापासून लांब राहिलेलं बरं.

वीज लागणारे ॲक्टिव्ह मॉनिटर कंट्रोलर या अडचणी सोडवतात आणि मोनो, म्यूट, डिम अशी बटणं देतात. डिमने आवाज एका झटक्यात साधारण २० डेसिबल खाली येतो. दिवसभर कॉल घेणाऱ्याला याहून कामाचं बटण नाही.

स्पीकरच्या आतच डीएसपी (डिजिटल सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिप) असेल तर नियम उलटतो. असे स्पीकर ॲनालॉग सिग्नल आत घेऊन पुन्हा डिजिटल करतात. त्यांच्याआधी नॉबने सिग्नल खाली आणला तर आतल्या कन्व्हर्टरपाशी तो अशक्त पोहोचतो आणि कन्व्हर्टरचा नॉइज तसाच राहतो. तिथे स्पीकरचा स्वतःचा व्हॉल्यूम, रिमोट किंवा त्यासोबतचं सॉफ्टवेअर वापरणं हाच बरोबर मार्ग.

यूएसबीचा सुटा नॉब

टेबलावर ठेवायचा सुटा यूएसबी नॉब किंवा कीबोर्डवरचा नॉब ऑडिओला हातही लावत नाही. तो सिस्टिमला फक्त 'आवाज वाढव', 'आवाज कमी कर' एवढंच सांगतो. दर्जाला धोका शून्य, केबल मधे येत नाही, त्यामुळे डिजिटल व्हॉल्यूम वापरणाऱ्यांना मी हाच सुचवतो. फक्त एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये सिस्टिमची पट्टी निकामी झाली की हाही निकामी होतो. विंडोजमध्ये प्रत्येक खटक्याला आकडा दोनने बदलतो. मॅकवर पायऱ्या मोठ्या वाटत असतील तर शिफ्ट आणि ऑप्शन दाबून आवाजाची कळ दाबा, पायरी पाव होते.

हेडफोन आणि स्पीकर, दोघांना एकच नॉब?

टेबलावरच्या जोडणीत सर्वाधिक त्रास इथे होतो. एकाच डॅक-ॲम्पमधून दोन्ही चालवले तर हेडफोनला नॉब दोनवर आणि स्पीकरला दहावर असं होतं. हेडफोनचा प्लग काढला, उपकरणाने आपसूक मागच्या सॉकेटकडे वळवलं, आणि स्पीकर पूर्ण ताकदीने ओरडले.

उपकरण दोन्ही आउटपुटचे व्हॉल्यूम वेगवेगळे लक्षात ठेवत असेल तर प्रश्नच नाही. खरेदी करताना हा एक गुण बाकी दहा गुणांच्या वर धरा. ऑडिओ इंटरफेसवर (रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरला जोडायच्या उपकरणावर) स्पीकरचा आणि हेडफोनचा नॉब बहुधा वेगळा असतो, म्हणून संगीताचं काम न करणाऱ्यालाही दोन्ही लागत असतील तर इंटरफेस हा सरळ उपाय ठरतो.

वेगळी सोय नसेल तर दोघांना एकाच जागी आणा. हेडफोनवर तुमच्या रोजच्या आवाजाला नॉब ठेवा. त्याला हात न लावता स्पीकर सुरू करा, सुरुवातीला पाठीमागची सेन्सिटिव्हिटी तळाला ठेवून. मग ती हळूहळू वाढवत न्या आणि दोन्हींचा आवाज सारखा वाटला की थांबा. आता प्लग काढला-घातला तरी दणका बसणार नाही. वेळ लागतो दहा मिनिटं, फायदा रोजचा.

मागचं आउटपुट फिक्स्ड आहे की व्हेरिएबल, हेही मॅन्युअलमध्ये पाहा. फिक्स्ड आउटपुटवर समोरचा नॉब काम करत नाही. डॅक नेहमी पूर्ण पातळी देतो आणि स्पीकरला स्वतःचा कंट्रोल लागतोच.

आणि एक इशारा. हेडफोनच्या साध्या सॉकेटमधून स्पीकरला सिग्नल नेता येतो, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण बॅलन्स्ड हेडफोन सॉकेट आरसीएला कधीही जोडू नका. त्यात उणे बाजूलाही ॲम्पचं चालतं आउटपुट असतं. आरसीएमध्ये ती ग्राउंडला टेकते आणि ॲम्प जळू शकतो.

मग निवड कशी करायची?

फक्त कॉम्प्युटर आणि यूएसबीवर चालणारे स्पीकर: सिस्टिमचा व्हॉल्यूम आणि हवा तर सुटा नॉब. दुसरं काही नको. मोठा हेडफोन आणि चांगला डॅक-ॲम्प: समोरचा नॉब, सिस्टिम पूर्ण. संवेदनशील इअरफोन: लो गेन, सिस्टिममध्ये कायमची १०-१५ डेसिबल कपात, रोजचं काम नॉबवर. गेम कन्सोल, टर्नटेबल आणि कॉम्प्युटर हे सगळं एकाच स्पीकरला येत असेल तर कॉम्प्युटरची पट्टी कामाची नाही. सगळ्यांच्या नंतर येणारा नॉब हवा, म्हणजे इनपुट बदलणारा प्रीॲम्प किंवा मॉनिटर कंट्रोलर.

ब्लूटूथ वेगळंच. फोनची पट्टी आणि हेडफोनची पट्टी काही जोड्यांमध्ये एकच असते, काहींमध्ये दोन वेगळ्या. वेगळ्या असतील तर फोनची पूर्ण ठेवा आणि हेडफोनची वापरा.

बसवल्यावर

दोन स्पीकरची बरोबरी तपासायला मोनो पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला एकसारखा सळसळाट) लावा, फोनवरचं ध्वनिमापक ॲप डोकं असतं त्या जागी धरा आणि एकेक स्पीकर वेगळा वाजवून पाहा. फोनचा आकडा खरा नसला तरी चालेल; दोन्ही वेळा मायक्रोफोन तोच असल्याने फरक खरा असतो. तो एका डेसिबलच्या आत आणा.

गुणगुण येत असेल तर नॉब वर-खाली करा. गुणगुण सोबत वर-खाली होत असेल तर ती नॉबच्या आधी शिरते आहे: डॅक, यूएसबी किंवा कॉम्प्युटरच्या ग्राउंडमधून. हलत नसेल तर नॉबच्या नंतर: केबल, ॲम्प किंवा स्पीकर. ट्विटरला कान लावल्यावरच ऐकू येणारी सळसळ स्पीकरमधल्या ॲम्पची असते आणि कुठल्याही व्हॉल्यूम कंट्रोलने ती जाणार नाही. काही स्पीकरमध्ये मागची सेन्सिटिव्हिटी कमी केली की ती थोडी घटते.

कमाल मर्यादाही आताच ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास अशी मर्यादा धरली आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. हळू आवाजात खर्ज कमी वाटतो म्हणून आपण आवाज वाढवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाचा हा स्वभाव १९३३ मध्येच मोजून दाखवला होता. तेव्हा हळू ऐकताना आवाज चढवण्याऐवजी इक्वलायझरमध्ये खर्ज दोन-तीन डेसिबल वाढवा, आणि तेवढेच डेसिबल इक्वलायझरमधल्याच प्रीॲम्पच्या पट्टीतून कमी करा, म्हणजे सिग्नल फाटणार नाही.

शेवटी स्पीकरमागच्या कळा, ॲम्पचं गेन आणि सिस्टिमचा आकडा त्या कागदावरच्या चौकोनांत लिहून ठेवा आणि नॉबवर रोजच्या जागेला पेन्सिलची खूण करा. सुरू करताना स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.